बहर आणि डेंटिस्टची अपॉइंटमेंट

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सनीव्हेलच्या एका मराठी घरात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडला. गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड, झाडाखाली गॉगल लावलेल्या काकू आणि खाली मजकूर : 'चेरी ब्लॉसम!!! आत्ताच जा, उद्या नसेल!!!' पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा सोफ्यावरून उठून बूट शोधू लागले. आजी डब्यात काय न्यायचं या विचाराला लागल्या. नातवाने शाळेला बुट्टी मारायची तयारी दाखवली. मुलाने मात्र फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला, नीट पाहिला आणि निकाल दिला, "बाबा, हा प्लम आहे."

"प्लम म्हणजे?"

"आलुबुखार. चेरी नाही."

आजोबांनी पुन्हा फोटो पाहिला. "गुलाबी आहे ना? मग झालं तर!"

आजोबांची बाजू अगदीच लंगडी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत आणि आसपासच्या गावांत रस्त्याच्या कडेला जांभळट पानांचे प्लम सर्रास लावलेले आहेत. ते जानेवारी-फेब्रुवारीतच फुलतात आणि दर वर्षी कित्येक लोक त्यांच्याखाली उभे राहून जपानी वसंताचं स्वागत करून मोकळे होतात. फरक ओळखायचा तर नाक फुलापाशी न्यावं लागतं. चेरीच्या पाकळीच्या टोकाला एक बारीकशी खाच असते. प्लमची पाकळी गोल, बिनखाचेची. चेरीची फुलं लांब देठांवर, एकाच जागेतून झुबक्याने लोंबतात; प्लमची फांदीला धरून बसतात. चेरीच्या सालीवर आडव्या रेघाही असतात. मुलाने ही सगळी माहिती मुद्देसूद टाइप करून ग्रुपवर टाकली. उत्तर आलं, "फुलं बघ रे, पाकळ्या काय तपासतोस!" मग हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे आले. मग कुणीतरी दुपारी अडीच वाजता 'शुभ सकाळ' टाकून विषय बंद केला.

खरी चेरी पाहायची तर गोल्डन गेट पार्कातल्या जपानी टी गार्डनला जायचं, एवढं घरात एकमताने ठरलं. कधी जायचं, ते ठरेना.

हा प्रश्न जपानमध्ये सरकार सोडवतं. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात सोमेइ-योशिनो जातीचं एक नमुन्याचं झाड आहे. मार्चमध्ये हवामान खात्याचा माणूस तिथे येतो, मान वर करतो आणि फुलं मोजतो. भोवती टीव्हीचे कॅमेरे. पाच-सहा फुलं उमललेली सापडली, की टोकियोत बहर सुरू झाल्याची अधिकृत घोषणा होते. कमी भरली, तर मंडळी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. झाडावरची ८० टक्के फुलं उघडली, की पूर्ण बहर. वॉशिंग्टनमध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस ७० टक्क्यांवरच पूर्ण बहर जाहीर करून टाकते. म्हणजे जपानला डिस्टिंक्शन लागतं, अमेरिकेचं फर्स्ट क्लासवर भागतं.

२००७ मध्ये तर कहर झाला. जपानी हवामान खात्याच्या संगणकात गफलत होऊन टोकियोसह काही शहरांचे बहराचे अंदाज चुकले आणि खात्याने जाहीर माफी मागितली. फुलांच्या तारखा चुकल्या म्हणून! हे ऐकून आजोबा बराच वेळ गप्प बसले. उभ्या आयुष्यात वेधशाळेच्या भरवशावर छत्री घरी ठेवून त्यांनी किती शर्ट भिजवले असतील याचा हिशेब नाही, पण त्याबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं त्यांना आठवेना. पुढे २०१० पासून जपानी खात्याने अंदाज वर्तवण्याचं काम खासगी कंपन्यांवर सोडलं आणि स्वतःकडे फक्त मोजणी ठेवली. खातं शहाणं म्हणायचं.

सनीव्हेलच्या घरात खातं नव्हतं, पण मुलगा होता आणि त्याच्याकडे एक्सेल होतं. त्याने बागेजवळच्या तापमानाचा एक रकाना केला, मागच्या वर्षी लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंच्या तारखांचा दुसरा, पावसाचा तिसरा. चौथा रकाना सुनेने भरला आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एका शनिवारी नातवाची सॉकरची मॅच. दुसऱ्या शनिवारी मंडळाचा गुढीपाडवा, आणि त्यात सुनेचं समूहगीत. तिसऱ्या शनिवारी ज्यांच्या घरी गेल्या दिवाळीत जेवायला गेलो होतो त्यांना उलट जेवायला बोलावणं भाग. बहराला मोकळी अशी एकच तारीख उरली आणि ती निसर्गाला कळवायची सोय नव्हती.

"पण याला एवढं काय?" आजोबा म्हणाले. "थंडी पडली, मग ऊन पडलं, की फुलणार."

आश्चर्य म्हणजे एक्सेलच्या तिन्ही रकान्यांचं सार यात आलं होतं. चेरीच्या कळ्यांना हिवाळ्यात पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय जाग येत नाही आणि त्यानंतर ऊब मिळाल्याशिवाय त्या उघडत नाहीत. आजोबांचे मामेभाऊ रत्नागिरीकडे हापूसवाले; त्यामुळे दर डिसेंबरात 'यंदा थंडी नाही, मोहोर नाही' हे रडगाणं फोनवर ऐकून त्यांचं शास्त्र पक्कं होतं. फरक इतकाच, की मोहोराच्या मागोमाग आंबा येतो. आजोबांनी साहजिकच विचारलं, "आणि मग या चेऱ्या उतरवतात कधी?"

"ही शोभेची चेरी, बाबा. खायची फळं नाही येत हिला."

"फळ नाही. वास?"

"फारसा नाही."

"आणि टिकतात किती?"

"आठवडाभर. वारा आला तर त्याच्याआधीच."

आजोबांनी टीव्ही लावला. एकंदर व्यवहार त्यांना पटलेला नव्हता.

तरीही मोकळ्या तारखेला घर निघालं. सनीव्हेलला ऊन इतकं छान की सगळे सुती कपड्यांत. चाळीसेक मैल उत्तरेला सॅन फ्रान्सिस्कोत उतरले, तर पॅसिफिकवरून येणारा वारा कानशिलं सोलत होता. या शहराचा हा फार जुना धंदा आहे; कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, अशा समजुतीने आलेल्या पाहुण्यांना कुडकुडवायचं आणि मग त्यांना शहराचं नाव छापलेले स्वेटशर्ट विकायचे. मुलगा, सून आणि नातू यांनी तसे तीन घेतले. आजोबांनी खिशातून माकडटोपी काढली. विमानतळावर निघताना 'ही कशाला घेताय?' म्हणून ज्या टोपीवरून सगळ्यांनी त्यांना हैराण केलं होतं, तीच ही. पुढचा अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. टोपी बोलत होती.

गोल्डन गेट पार्क १,०१७ एकरांचं आहे, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातल्या गाडी लावण्यायोग्य प्रत्येक फुटावर आधीच कुणाची तरी गाडी असते. त्यातून केनेडी ड्राइव्हचा पूर्वेकडचा पट्टा २०२० पासून मोटारींना बंद आहे. ती बातमी मुलाला माहीत होती, फक्त आठवली ती अडथळ्यासमोर आल्यावर. गाडी अखेर जिथे लागली तिथून बाग जितकी लांब होती, तेवढं चालणं आजोबा पुण्यात सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनही करत नाहीत.

आणि फाटकाशी पोचतात तो आतून त्याच मंडळातलं एक ओळखीचं जोडपं बाहेर पडलं. "अरेरे, आज आलात?" त्यातल्या बाई कळवळून म्हणाल्या. "मागच्या शनिवारी यायला हवं होतं! काय फुललं होतं! आता काही राम नाही."

हे वाक्य फुलांइतकंच जुनं असावं. बहर म्हणून जिथे जिथे लोक जातात तिथे तिथे फाटकातून बाहेर पडणारा माणूस हेच सांगतो. त्याला स्वतःलाही गेल्या खेपेला कुणीतरी हेच सांगितलेलं असतं. ऐन बहर बघितलेला माणूस नेमका कोण, याचा माग काढत गेलं तर बहुधा क्योतोपर्यंत जावं लागेल. तिथे बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या दरबारी नोंदींत आणि रोजनिश्यांत सापडतात. त्या लिहिणाऱ्यांपैकीही निम्म्यांनी 'काल आलो असतो तर' अशी हळहळ व्यक्त केली असेल असं मानायला हरकत नाही. उलट २०२१ मध्ये क्योतोचा बहर २६ मार्चलाच येऊन गेला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकर. त्या वर्षी तर सगळेच मागच्या शनिवारी यायला हवे होते.

त्या दिवशी तिकिटाच्या रांगेकडे आणि दरपत्रकाकडे पाहून घर परत फिरलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशांना बाग फुकट आहे. सनीव्हेलवाले रहिवासी नव्हेत, याबद्दल मुलाने खिडकीवरच्या मुलीशी दोनदा बोलून पाहिलं. पण परतीच्या वाटेवर सुनेने फोनवर एक गोष्ट शोधून काढली. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी १० च्या आत जो आत शिरेल त्याला तिकीटच नाही. गाडीत एकदम चैतन्य पसरलं. फुलांसाठी उत्साह मावळला होता, पण फुकटासाठी तो ताजा होता.

सोमवारी मुलाने ऑफिसात कळवलं, 'डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे.' नातवाच्या शाळेत कळवलं, 'डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे.' एकाच घरातल्या दोन पिढ्यांचे दात एकाच सकाळी कसे बिघडले, असं कुणी विचारलं नाही, कारण मार्चमध्ये तिथे दातांची साथच असते. सव्वानऊला मंडळी फाटकात होती. पुढे उभ्या असलेल्या माणसाने मागे वळून पाहिलं. तो मुलाचा मॅनेजर होता. त्याच्याकडे प्लंबर यायचा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, कसल्याच गळतीची किंवा दुखण्याची चौकशी केली नाही आणि बागेच्या दोन विरुद्ध दिशांना गेले. पाच एकरांची बाग ती; दर दहा मिनिटांनी समोरासमोर येतच राहिले.

बाग १८९४ ची. त्या साली पार्कात हिवाळी जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात हे 'जपानी खेडं' उभारलं गेलं. प्रदर्शन संपल्यावर सगळं मोडीत निघायचं, पण माकोतो हागिवारा या गृहस्थांनी पार्काच्या प्रमुखांना गाठलं आणि बाग कायम झाली. पुढे ते तिथेच राहिले, तिच्यावर राबले आणि १९२५ मध्ये गेले. घराण्याने ती १९४२ पर्यंत सांभाळली. मग युद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांबरोबर त्यांनाही घर सोडून छावणीत जावं लागलं, आणि बागेचं नाव बदलून 'ओरिएंटल' टी गार्डन करण्यात आलं. बाग जपानी पद्धतीचीच. पाटीवरून मात्र जपान नाहीसा. जुनं नाव परत यायला १९५२ उजाडलं. पाट्या बदलून काम झालं असं समजणाऱ्यांची जमात सगळ्या देशांत सुखाने नांदते.

आजोबांनी आत पाऊल टाकलं, तळं पाहिलं, पूल पाहिला, दगड पाहिले आणि म्हणाले, "हे तर आपल्या सिंहगड रोडला आहे!"

हेही खोटं नव्हतं. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हे ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, आणि दहा एकरांचं आहे. "दुप्पट आहे आपलं," आजोबांनी हिशेब केला. "आणि तिथे जायला डेंटिस्ट लागत नाही."

"तिथे चेरी नाहीत पण, बाबा."

"इथे तरी कुठायत?"

होत्या. फक्त इथली थंडी बेताची, त्यामुळे झाडांचं आपापसात एकमत झालेलं नव्हतं. जपानातल्या सोमेइ-योशिनोंचं बरं असतं. ती सगळी एकाच झाडाची कलमं करत वाढवलेली, त्यामुळे एका गावातली सगळी एका दमात फुलतात. इथे पॅगोड्याजवळचं एक झाड पानांवर आलेलं, एक अजून कळ्या मिटून बसलेलं आणि मधलं एकच काय ते पांढरट गुलाबी भरलेलं. बागेतली यच्चयावत गर्दी त्या एका झाडाखाली. एक तरुणी पाठमोरी उभी राहून फुलांकडे नुकतीच दृष्टी गेल्यासारखं करत होती आणि तिचा मित्र तिला ते पुन्हा, पुन्हा, पुन्हा करायला लावत होता. एक महाशय पाकळ्यांचा पाऊस फोटोत यावा म्हणून फांदी हलवत होते. रांगेतले सगळे आपापल्या भाषेत 'फक्त एक मिनिट' म्हणत होते, आणि एक मिनिटात काय काय बसतं हे ऐकून घड्याळजींना धक्का बसला असता. झाडाकडे मान वर करून पाहणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आजी; कारण त्यांचा फोन पर्समध्ये तळाशी, डब्याच्या खाली होता.

त्यांना भलताच प्रश्न पडला होता. "खाली पडलेल्या उचलल्या तर चालतील का गं? तोडत नाहीये मी. देवाला प्राजक्त तर खाली पडलेलाच चालतो." सुनेने इकडेतिकडे पाहिलं. "घ्या आई, पटकन." आजींनी रुमालात ओंजळभर पाकळ्या जमवल्या. एक पाकळी उन्हात धरून त्यांनी नातवाला दाखवली : टोकाला खाच होती. "चेरीच आहे," नातवाने जाहीर केलं, आणि त्या महिन्याभरात घरातली पहिली अधिकृत मोजणी पूर्ण झाली.

आजोबा एव्हाना अर्धगोल पुलाकडे वळले होते. हा ढोलासारखा उंच कमानीचा पूल मूळ १८९४ च्या प्रदर्शनासाठीचा. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबाशी जुळून त्याचं पूर्ण वर्तुळ दिसतं. माणसाने पावलं सावकाश टाकावीत म्हणून तो असा उभा बांधलेला, असं सांगतात. आजोबांच्या बाबतीत हेतू शंभर टक्के सफल झाला. चढताना ते शिडी चढतात तसे चढले. माथ्यावर पोचल्यावर त्यांना उतरायचं कसं हे सुचेना. मागे रांग साचली. मुलगा खालून ओरडत होता, "बाबा, उलटे उतरा, उलटे!" रांगेतल्या एका जपानी आजीबाईंनी कमालीच्या शांतपणे हात पुढे केला, आजोबांनी तो धरला, आणि दोघं पलीकडे उतरली. खाली उतरून आजोबांनी कमरेत वाकून नमस्कार केला. आजीबाई त्यांच्यापेक्षा खाली वाकल्या. आजोबा आणखी वाकले. तिथेही सोडवायला मुलालाच जावं लागलं.

फिरत फिरत सगळे मोठ्या कांस्यबुद्धापाशी आले. १७९० मध्ये जपानातल्या ताजिमात ओतलेली ही मूर्ती, उघड्यावर, ऊनपाऊस सोसत बसलेली. कुणीतरी तिच्या मांडीवर नाणं ठेवलं होतं. आजींनी रुमाल सोडून चार पाकळ्या वाहिल्या आणि डोळे मिटले. त्यांच्यामागून मॅनेजर आणि त्याची बायको आली. आता तोंड चुकवायला जागाच नव्हती. मॅनेजरने विचारलं, "दात कसा आहे?" मुलगा म्हणाला, "बराच बरा. नळ?" "गळायचा थांबला." दोघांनी एकमेकांच्या कुटुंबाचा फोटो काढून दिला.

शेवटी चहाचं घर. जपान्यांमध्येसुद्धा फुलांच्या नावाखाली खाण्यासाठी येणाऱ्यांना चिमटा काढणारी म्हण आहे, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नव्हतं. हिरवा चहा आला. आजोबांनी कपात पाहून हळूच विचारलं, "यात दूध घालतील का?" सुनेने ऐकलं नाहीसं केलं. चहाबरोबर फॉर्च्यून कुकी आल्या, आत भविष्याची चिठ्ठी असलेल्या. या बिस्किटाची अमेरिकेतली सुरुवात याच बागेत हागिवारांनी केली, असं सॅन फ्रान्सिस्कोचं म्हणणं. लॉस एंजेलिसवाले डेव्हिड जंग यांचं नाव घेतात. हा वाद १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हौशी 'इतिहास न्यायालया'त उभा राहिला. पुराव्यादाखल एक कुकी फोडण्यात आली. लॉस एंजेलिसच्या बाजूने निकाल देणारा न्यायाधीश फारसा हुशार नसणार, असं तिच्यातल्या चिठ्ठीत लिहिलेलं निघालं. निकाल सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने लागला. लॉस एंजेलिसने तो मानला नाही.

नातू सगळ्यांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होता. आईची झाली, बाबांची झाली, आजीची झाली. आजीने आपली चिठ्ठी घडी करून पाकळ्यांच्या रुमालात ठेवली.

"आजोबा, तुमची?"

"माझी कसली?"

"चिठ्ठी. कुकीतली."

आजोबांचं चावणं थांबलं. त्यांनी रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "मला वाटलं, जरा चिवट आहे."

"बाबा, तुम्ही भविष्य खाल्लंत?"

"माझी घ्या," मुलाने आपली चिठ्ठी पुढे केली.

"तुझं भविष्य घेऊन मी काय करू?" आजोबा म्हणाले. "त्यात तर डेंटिस्ट आहे."

आजींनी चहाचा घोट घेतला. "असू दे रे. ह्यांचं जन्मभर असंच. आधी खायचं, मग विचारायचं काय होतं."